फोटोतले बिबडे

“अक्कांना बोलवा ना. हात चांगला आहे त्यांचा, आणि घेणारही नाहीत काही.”

आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षकाकू हे म्हणाल्या तेव्हा त्यांची जिन्याकडे पाठ होती, आणि मी त्याच जिन्यातून पाण्याची बादली घेऊन गच्चीवर येत होते. मी बादली खाली ठेवली. कोणी वळून पाहिलं नाही. मी आल्याचं सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एरवी मला ते सोयीचं वाटतं.

गच्चीवर सहा बायका तीन जुन्या साड्यांभोवती बसल्या होत्या. साड्यांवर आदल्या दिवशी थापलेले बिबडे वाळले होते. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ते लाटत नाहीत. आंबवलेल्या ज्वारीचा शिजवलेला गरम घाटा ओल्या कापडावर हाताने पातळ थापतात, वाळले की कापड उलटं करून मागून पाणी शिंपडतात, आणि बिबडा अलगद सुटून येतो. आमचे सुटून येत नव्हते. हातात येत होते ते तुकडे.

“चुरा म्हणून देऊ,” एक जण म्हणाली.

“चालेल की. आश्रमातल्या म्हाताऱ्यांना दात कुठे आहेत?” दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. माझी आईसुद्धा.

आमचं मंडळ जळगावात मेहरूणमधल्या आमच्या कॉलनीचं. एक पैसाही खर्च न करता समाजसेवा करायची, हा त्याचा नियम. तो मंडळाने फार काटेकोरपणे पाळला आहे. मागच्या दिवाळीत कपडे गोळा केले. कॉलनीतल्या बायकांनी आधी जुन्या साड्या काढून बोहारणीला दाखवल्या, तिच्याकडून पातेली घेतली, आणि तिनेही नको म्हणून परत केलेलं गाठोडं जामनेर रस्त्यावरच्या वृद्धाश्रमासाठी ठेवलं. त्या गाठोड्याबरोबर द्यायचं पत्र मी इंग्रजीत लिहिलं. पत्र इंग्रजीत असलं की गाठोड्याला वजन येतं, असं काकूंचं मत होतं. मी इंग्लिश मीडियमची, घरी बसून नोकरीचे अर्ज भरणारी. पत्र, पोस्टर, आभाराचं कार्ड ही माझी कामं, कारण बाहेरून करून घेतली तर पैसे पडतात.

गाठोडं द्यायला मीही गेले होते. तिथले व्यवस्थापक पत्र वाचून “छान आहे” म्हणाले. मग जरा घुटमळत त्यांनी सांगितलं, “ताई, कपडे पुष्कळ झालेत हो आमच्याकडे. दर मंगळवारी दोन-तीन आजींना डोळे तपासायला न्यावं लागतं. दवाखान्यात तपासणी फुकट आहे. पण न्यायला गाडी नाही आणि शेजारी बसायला माणूस नाही. कोणी दोन तास दिले, तर फार होईल.”

“नक्की, नक्की,” काकू म्हणाल्या.

परत येताना काकूंच्या सात माणसांच्या गाडीत आम्ही चौघी होतो. गार हवा लागत होती. “दोन तास म्हणतात,” काकू काच वर करत म्हणाल्या, “पण सबंध सकाळ जाते हो अशा कामांत.” यावर चौघींचं एकमत झालं. मी काही बोलले नव्हते, पण माझं मत त्यांनी मोजून टाकलं.

उन्हाळ्यात त्यांना बिबडे सुचले. ज्वारी एकीच्या भावाच्या शेतातून फुकट येणार, गच्ची आमची, हात सगळ्यांचे. बिबडे विकायचे आणि जे येईल ते आश्रमाला द्यायचं. बुकिंग ग्रुपवर, पैसे डबा हातात आल्यावर. “बेटा, पोस्टर तेवढं कर,” काकू मला म्हणाल्या.

पोस्टरला फोटो हवा होता, आणि मंडळाने तोवर एकही बिबडा थापला नव्हता. माझ्या फोनमध्ये एक जुना फोटो होता. स्टीलच्या ताटात एकावर एक ठेवलेले बिबडे, इतके पातळ की कडेने ऊन आरपार दिसत होतं. तो मी मागच्या वर्षी अक्कांकडे काढला होता. विचार न करता वापरला, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण विचार केला होता. दोनेक सेकंद.

अक्का आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहतात. मूळच्या बोदवडकडच्या. नवरा गेल्यावर जळगावला आल्या. वर्षभर दोन घरी पोळ्या करतात आणि उन्हाळ्याचे दोन महिने ऑर्डरीचे बिबडे. ते दोन महिने चांगले गेले की खोली टिकते. नाही गेले तर गावी भावाकडे जाऊन राहायचं, हे त्यांनी मला कितीदा तरी सांगितलं आहे. “तिथं मी पाहुनी बी नाही अन् घरची बी नाही,” असं म्हणतात त्या. लहानपणापासून मी त्यांच्याकडे गरम घाटा खायला जाते. वाटीत घाटा आणि वर कच्च्या तेलाची धार. त्यांच्याकडे बोलावं लागत नाही, हे घाट्याइतकंच महत्त्वाचं. त्या बोलतात, मी खाते.

माझं पोस्टर कॉलनीभर फिरलं. आईने ते धुळ्याला मावशीला पाठवलं. मावशी दरवर्षी अक्कांकडून मोठा डबा मागवायची. तिचा लगेच फोन आला, नेहमीप्रमाणे अहिराणीत. “भारी शे तुन्हं पोस्टर! बठ्ठास्ले धाडी दिधं मी. आनि यंदा डबा मंडळनाच सांगी दिधा. पुण्य बी आनि बिबडा बी!”

धुळ्यातल्या मावशीच्या सगळ्या मैत्रिणींनी एकाच वेळी पुण्य आणि बिबडे बुक केले. मी फोनवर “हो, थँक्यू मावशी” म्हणाले. इतकंच.

आठवड्याने आईने भाजीचा डबा घेऊन मला अक्कांकडे पाठवलं. खोलीत ज्वारीचं पोतं भिंतीला टेकून उभं होतं. त्याची शिवण उसवलेली नव्हती. खरं तर त्या दिवसांत अक्कांकडे दारात पाय ठेवायला जागा नसते.

“औंदा कोनी आलं नाही वं,” त्या म्हणाल्या. “सारे मंडळाकडं गेले. आता पुन्याचं काम हाये, आपन काय म्हनावं?” मग माझ्याकडे न बघता डबा रिकामा करत त्यांनी विचारलं, “पोस्टर तू केलं ना? चांगलं हाये. ताट माह्यं हाये त्यात. काठाले पोचा हाये ना, तेच.”

मी होकारार्थी मान हलवली. मला तीन वाक्यं सुचली. तिन्ही इंग्रजीत सुचली आणि तिन्हींत सॉरी होतं. अक्कांनी डबा धुऊन, त्यात मूठभर शेंगदाणे घालून परत दिला. त्या डबा कधी रिकामा पाठवत नाहीत.

तर त्या दिवशी गच्चीवर काकू म्हणाल्या की अक्कांना बोलवा, त्या काही घेणार नाहीत. हे खरंच होतं. शेजारणीने हाताखाली बोलावलं तर आमच्याकडे कोणी मजुरी मागत नाही. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे, असा तो व्यवहार. काकू अक्कांच्या खोलीवर उद्या काय थापायला जाणार होत्या, ते मात्र कोणी विचारलं नाही.

आई बोलवायला गेली. अक्का लगेच आल्या. त्यांनी साडीवरचा एक तुकडा उचलून दातांखाली धरला.

“ज्वारी किती दिस भिजवली?”

“एक रात्र,” काकू म्हणाल्या.

“अन् घाटा?”

“तो चांगला शिजवला होता हो. फक्त फोटो काढेपर्यंत जरा गार झाला.”

“तीन दिस भिजू द्या,” अक्का म्हणाल्या. “फोटो मंग काढा.” कोणी हसलं नाही. मला हसू आलं, ते मी बादलीत बघून आवरलं.

रविवारी पहाटे त्या पुन्हा आल्या. उजाडायच्या आत घाटा तयार होता. अक्का चुलीजवळून ऊन ऊन गोळा उचलत, हात पाण्यात बुडवत आणि तीन फेऱ्यांत बिबडा थापून पुढे सरकत. बाकीच्या जणी वाट्या धुणे, साडीची टोकं धरणे आणि “कसं जमतं बाई हिला” म्हणणे अशी कामं करत होत्या. काकूंनी व्हिडिओ काढला. “फक्त हात घे,” त्यांच्या शेजारच्या एकीने सुचवलं, “चेहरा नको. मंडळाचं आहे ना, कोणाचेही हात असू शकतात.”

नऊच्या आत चार साड्या भरल्या. ऊन चटके द्यायला लागलं होतं. अक्का सावलीला बसून तळहातांवर फुंकर घालत होत्या. ते लाल झाले होते.

“अक्का, तुमचे उपकार विसरणार नाही मंडळ,” काकू म्हणाल्या. “बुकिंग खूप झालंय हो. अजून चार रविवार याल ना? तुमच्याकडूनही सेवा होईल.”

अक्कांनी हात पदराला पुसले. “येईन ना, बाई. आता मले दुसरं काय काम हाये?”

त्या हे टोमणा म्हणून बोलल्या नव्हत्या. टोमणा असता तर बरं झालं असतं, काकूंनी तो ऐकला तरी असता. चार रविवार म्हणजे अख्खा हंगाम. चार रविवारांनी पावसाचे ढग येतात आणि बिबडे थापणं बंद होतं. त्यानंतर बोदवडची गाडी.

“बेटा,” काकू माझ्याकडे वळल्या, “पोस्टरमध्ये आता अजून एक ओळ टाक. खास पारंपरिक हातांनी, असं काहीतरी. तुझं इंग्रजी चांगलं आहे.”

मी फोन काढला. मला बोलता येत नाही, पण टाइप फार लवकर करता येतं. पोस्टर उघडलं. मंडळाचं नाव काढलं. फोटो तसाच ठेवला, काठाच्या पोच्यासकट. खाली अक्कांचा नंबर टाकला आणि मराठीत लिहिलं: फोटोतल्यासारखे बिबडे हवे असतील तर ऑर्डर इथे द्या, मंडळाचं बुकिंग बंद आहे. ग्रुपवर पाठवलं. धुळ्याला मावशीलाही पाठवलं. गच्चीवर सहा पर्समधले सहा फोन एकदम वाजले.

मला वाटलं होतं, एवढ्याने भागेल. भ्याड माणसाला नेहमी असं वाटतं.

काकूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचलं. परत वाचलं. “हे काय आहे?”

 आई मला डोळ्यांनी खाली जायला सांगत होती. अक्कांना वाचता येत होतं, पण त्यांचा फोन खोलीत होता. त्या आमच्या तोंडाकडे बघत होत्या.

“फोटोतले बिबडे अक्कांचे आहेत,” मी म्हणाले. आवाज चिरका आला. “मी न विचारता वापरला. ऑर्डरी पण त्यांच्याच होत्या. दरवर्षी असतात.”

“अगं, पण आपण कोणासाठी करतोय हे? स्वतःसाठी करतोय का?” काकूंचा चेहरा खरोखर दुखावलेला होता, आणि त्यामुळे जास्त अवघड झालं. “आणि मग आश्रमाला काय द्यायचं आपण? सांग ना. तूच सांग.”

 पायाखाली गच्ची तापली होती आणि चप्पल जिन्यात राहिली होती.

“मंगळवारी तुमची गाडी द्यायची,” मी म्हणाले. “आणि दोन तास. दवाखान्यात आजींजवळ बसायला मी येते. पैसे लागत नाहीत, काकू.”