नकाशात नसलेलं बाकडं

सलूनचे मालक विद्यापीठ बघायला आले होते. लेकीला भेटायला नव्हे, हे त्यांनी बायकोला, शेजारच्या इस्त्रीवाल्याला आणि गेटवरच्या रखवालदारालाही आपण होऊन सांगितलं होतं. तिघांपैकी कुणीही विचारलं नव्हतं.

वस्तीत त्यांना 'वस्तरा' म्हणत, तेही धंद्यामुळे नव्हे, जिभेमुळे. लेकीने माती-विज्ञानाला प्रवेश घेतला तेव्हा भर दुकानात ते म्हणाले होते, "मातीच शिकायची तर अंगणात बस, तिथे फी नाही." गिऱ्हाइकं हसली. लेक बॅग उचलून वसतिगृहात गेली ती आजतागायत घरी फिरकली नव्हती. फोन आईलाच करायची. बाबा शेजारी कान टवकारून बसत, पण स्वतः फोन लावत नसत. बापाने आधी बोलायचं म्हणजे जगबुडीच की!

रखवालदाराने नकाशा हातात कोंबला. ज्याचं त्याने फिरायचं, जागोजागी नंबरांच्या पाट्या वाचायच्या, बरोबर माणूस मिळणार नाही. म्हणजे ज्ञानाच्या मंदिरातही सेल्फ सर्व्हिस. पहिल्या पाटीजवळ संस्थापकांचा पुतळा होता. त्यांच्या थोर कार्याची माहिती हातभर लिहिलेली; बाबांनी एवढंच पाहिलं, की मूर्तिकाराने कल्ले खालीवर ठेवलेत. ग्रंथालय त्यांनी बाहेरूनच उरकलं. माती-विज्ञान अगदी टोकाला होतं आणि पाय आपोआप तिकडे वळत होते, त्याला बाबा तरी काय करणार?

जन्मभर लोकांच्या पाठीमागे उभं राहिल्यामुळे बाबा माणसं डोक्याच्या मागच्या बाजूने ओळखत. लेकीच्या डोक्यावर दोन भोवरे होते आणि तिचा बॉयकट लहानपणापासून त्यांच्याच कात्रीने झालेला. विभागाच्या दारात दोन भोवऱ्यांचं डोकं पाठमोरं दिसलं आणि सगळा ताठा विसरून बाबांनी मागून जाऊन टपली मारली.

डोकं वळलं. त्याला दाढी होती. ते विभागप्रमुख निघाले.

माफी मागायचा बाबांना सराव नव्हता. त्यांनी नकाशा तोंडासमोर धरला आणि चौदा नंबर हाच का, असं विचारलं. प्रमुख डोकं चोळत निघून गेले.

"बाबा, नकाशा उलटा धरलाय."

लेक मागे उभी होती. मानेवरचे केस उंदराने कुरतडल्यासारखे. सहा महिन्यांत मनात जुळवलेलं सगळं भाषण बाबा विसरले.

"कुणी कापले हे?"

"मीच. मागे हात पोचत नाही."

"इथे सलून नाही?"

"आहे. पण दुसऱ्या कुणाकडे बसवत नाही मला."

आपण त्या दिवशी सगळ्यांसमोर हिचं हसं केलं, याची बाबांना लाज वाटली. झाडाखालच्या बाकड्याकडे त्यांनी बोट दाखवलं आणि खिशातून नॅपकिनची गुंडाळी काढली. आत कात्री आणि कंगवा. विद्यापीठ बघायला निघालेला माणूस दुसरं काय घेऊन येणार?

लेक हसली आणि पाठमोरी बसली. त्या बाकड्याला नंबर नव्हता, तरी नकाशावाले दोघे-चौघे थबकून बघू लागले.

पाच मिनिटांचं काम. गिऱ्हाइकाला बोलू न देण्याबद्दल प्रसिद्ध असलेले बाबा मानेवरचे केस सारखे करून थांबले.

"मग, मातीत असतं तरी काय एवढं?"

"सांगते. पण वेळ लागेल."

बाबांनी कात्री बाजूला ठेवली आणि झालेले केस पुन्हा पहिल्यापासून विंचरायला घेतले.