फुटापेक्षा लांब पट्टी

आमच्या हिच्या डोक्याला डाव्या बाजूला कवटीचा तुकडा नव्हता. स्कूटरवरून पडली, मेंदूला सूज आली, म्हणून डॉक्टरांनी तो काढला. नंतर तिथं पू झाला म्हणून परत बसवता आला नाही. खळगा पडला होता. ही खोकली की ती जागा हलायची. चार महिने मी तिकडे बघायचं टाळलं.

मग डॉक्टर म्हणाले, टायटॅनियमचा तुकडा छापून बसवू. छापून! मी चौथी पास, पण फरिदाबादच्या ओतकारखान्यात तीस वर्षं लाकडी पॅटर्न केलेत. आधी लाकडाचा नमुना, त्यावरून वाळूचा साचा, मग त्यात धातूचा रस. छापतात ती लग्नपत्रिका. मी हट्टच धरला, तुकडा बघितल्याशिवाय सही करणार नाही.

हॉस्पिटलच्या त्या खोलीत ना भट्टी, ना ठोकाठोक. कपाटाएवढं गप्प मशीन. इंजिनियर मुलगी म्हणाली, धातूच्या पावडरचा बारीक थर पसरतो, लेझर हवा तेवढाच वितळवतो, त्यावर पुढचा थर. मग तिनं पांढरी प्लास्टिकची कवटी माझ्या हातात दिली. "आंटीजी की है, अंकल. स्कॅन से निकाली."

वरचा एक दात पुढे आलेला. हिचाच. मी दाराकडे बघितलं. ही तर बाहेर बाकावर बसलेली होती.

छापलेला तुकडाही तिनं पुढे ठेवला. कागदावर त्याची लांबी होती, एकशे वीस मिलिमीटर. मी पिशवीतून माझी पट्टी काढून मोजलं. दोन मिलिमीटरहून जास्तच कमी भरली. पुन्हा मोजलं, तेवढंच. 

"बेटी, ये छोटा है. धातु सिकुड़ती है, तुमने जगह नहीं छोड़ी. मैं सही नहीं करूँगा."

ती रागावली नाही. माझी पट्टी तिनं आपल्या पट्टीला लावली. शून्याला शून्य जुळलं, शेवट जुळेना. "अंकल, आपकी स्केल लंबी है."

लांबच असते, तिचा प्रत्येक मिलिमीटर थोडा मोठा. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून आम्ही पॅटर्नवाले मुद्दाम लांब पट्टीनं मोजतो. रिटायर झालो तेव्हा तीच घरी आणली. घरातली फडताळंही त्याच पट्टीनं मोजून केली.

तरी मी मान खाली घातली नाही. तुकडा कवटीवर बसवला, औषधाची पावती फाडून तिची कड फटीत घालून बघितली. कुठंच शिरेना. भीती जायला हवी होती, ती वाढली. चूक सापडली असती तर तिला धरून बसता आलं असतं.

मुलगी खुशीत होती. "आगे चलकर मरीज़ की अपनी कोशिकाओं से हड्डी छापेंगे. गुर्दे पर भी काम चल रहा है." पेशंटच्याच पेशींपासून हाड, पुढे मूत्रपिंडसुद्धा. मी "अच्छा" म्हटलं. एवढं सगळं छापल्यावर हिच्यातली ही किती उरेल, हे विचारायचं होतं. हिंदीत जमलं नाही. सही केली.

घरी हिनं विचारलं, "अहो, बसेल ना नीट?"

दुसऱ्याच्या कामाची हमी मी जन्मात दिली नव्हती. "बसेल."

"तुम्ही केलंय का?"

"नाही."

"मग बसेल. तुमच्या फडताळाचं दार अजून लागत नाही."

बसला. टाके निघाले त्या दिवशी ही म्हणाली, "हात लावून बघा की, किती घट्ट आहे." मी बोट टेकवलं. दाबलं नाही.