आधी मागणं

बोर्डिंगात माझी प्रार्थना सगळ्यांत सुरेख समजली जायची.

रविवारी संध्याकाळी आम्ही मुली चटईवर गुडघे टेकून बसायचो आणि पाळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायचो. कुणी अडखळली की शेजारची तिला कोपरानं ढोसायची. मी कधी अडखळत नसे. परमेश्वराला कोणकोणत्या विशेषणांनी हाक मारायची ते मला पाठ होतं. आमच्या बाईंनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "हिची प्रार्थना ऐकत राहावीशी वाटते." देवालाही तसंच वाटत असणार, अशी मी आपली समजूत करून घेतली.

लग्न झालं आणि देशावरून घाट उतरून पोलादपुरात आले. ह्यांची नोकरी सरकारी, देवी टोचण्याची. पाठीला लशीची पेटी अडकवून हे डोंगरातल्या वाड्यावाड्यांतून हिंडायचे. लोक ह्यांना डाक्टर म्हणायचे आणि डाक्टर येताना दिसला की लेकरं उचलून रानात पळायचे. पोराच्या दंडावर सुरी लावणारा माणूस कुणाला आवडणार? हे मात्र रागवत नसत. झाडाखाली बसून राहायचे, संध्याकाळपर्यंत कुणीतरी एक आई परत यायचीच.

गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. जवळपास चर्च नव्हतं, म्हणून सकाळ-संध्याकाळची उपासना घरातच, आणि ती हे चालवत. त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी स्तुती, मग उपकार मानायचे, मग पापांची कबुली, मग इतरांसाठी विनंती, आणि अगदी शेवटी आपलं मागणं.

"मागणं शेवटी," हे मला सांगत. "आपण काही दारात उभे असलेले भिकारी नाही. लेकरं आहोत."

हे घरी असले की मला ते सगळं छान जमायचं. हे डोंगरात गेले आणि मी एकटी गुडघे टेकून बसले की तेच शब्द कोरडे पडायचे. ऐकायला कुणी नसलं की आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो, तसं व्हायचं. वाटायचं, ह्या डोंगरांच्या बेचक्यातून माझी प्रार्थना वर जातच नाही. मी घाईघाईनं आमेन म्हणून कामाला लागायची.

आमच्या शेजारी एका मराठा शेतकऱ्याचं घर होतं. घरची बाई माझ्या आईच्या वयाची. मी तिला काकी म्हणायची. तिचा मुलगा मुंबईला गिरणीत होता, त्यामुळे घरात ती आणि तिचा नवरा दोघंच. महाडला तळ्याच्या पाण्यावरून जे वादळ उठलं होतं ते तेव्हा ताजं होतं. आमच्याकडे वादळ नव्हतं, पण विहिरीचा रिवाज तोच होता. ख्रिस्ती म्हणजे बाटलेले. मी घागर लांब ठेवून बाजूला उभी राहायची आणि काकी आपल्या कळशीतलं पाणी वरून माझ्या घागरीत ओतायची. ती आली नाही तर मी सावित्री नदीवर जायची. काकीचा जीव होता माझ्यावर. पण ओतताना कळशीचा काठ माझ्या घागरीला लागणार नाही, एवढं ती सांभाळायची.

ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती थंडीतली. भाताची झोडणी कधीच उरकली होती, डोंगरावरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. हे सोमवारी घाटाच्या अंगाच्या वाड्यांना गेले ते शनिवारी यायचे होते. कुठंही असले तरी शनिवारी संध्याकाळी यायचेच, कारण रविवारची उपासना दोघांनी मिळून करायची असा आमचा नेम होता. मी कुळथाचं पिठलं करून ठेवलं. हे आले नाहीत.

रविवारी मी एकटीच पवित्र शास्त्र उघडून बसले. डोळे ओळींवरून फिरत होते आणि कान रस्त्याकडे. सोमवारी सकाळी उठून घाटाच्या रस्त्यावर गेले. गाडीवान घाट उतरले की तिथं बैलांना पाणी दाखवायला थांबायचे. एकेकाला विचारत सुटले.

"डोंगरातल्या वाड्यांचं आम्हाला काय म्हाईत, बाय?" एक गाडीवान म्हणाला. "आम्ही आपलं रस्त्यानं येतो, रस्त्यानं जातो."

चावडीवर गेले. तिथं पाटील म्हणाले, "सरकारी माणूस हाय. ऱ्हायला असंल कुठं पाहुणचाराला."

मला माहीत होतं, ह्यांना पाहुणचार कोण करणार? त्यांना बघून लोक घराला कडी घालत.

घरी आले, दार लोटलं आणि नीट गुडघे टेकून बसले. आता प्रार्थना करायची, अगदी क्रमानं. स्तुती सुरू केली. दोन विशेषणं झाली आणि तिसरं तोंडात येईना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडले. शेवटी डोळे उघडले. समोर विझलेली चूल होती, कोनाड्यात ह्यांचा चष्म्याचा जुना डबा होता.

"ते आले नाहीत," मी म्हटलं.

मोठ्यानं म्हटलं, जसं घरातल्या कुणाला तरी सांगावं.

"शनिवारी यायला हवे होते. पिठलं नासलं, टाकून दिलं मी ते. वहाणेचा अंगठा सुटलाय, शिवून घ्या म्हणून मी सांगितलं होतं, ऐकलं नाही त्यांनी. थंडीला एकच कांबळं घेऊन गेलेत. मला त्यांना आणून दे. दुसरं काही नको. स्तुती मी मागाहून करीन, आत्ता मला जमत नाही."

एवढं बोलले आणि दचकले. असं देवाशी कुणी बोलतं? आमच्या बाईंनी ऐकलं असतं तर? पण आता सुरुवात झाली होती आणि थांबवत नव्हतं. मी सूप घेऊन बसले. तांदूळ पाखडता पाखडता बोलतच राहिले. हे रागीट नाहीत पण हट्टी आहेत, हे सांगितलं. ह्या गावात मला किती एकटं वाटतं ते सांगितलं, जे मी ह्यांनाही कधी बोलले नव्हते. घागर खाली ठेवून उभं राहताना मान खाली जाते, तेही सांगितलं. मध्येच रडले, मध्येच तांदळातला खडा काढला.

हे सुखरूप आहेत असं मला कुणी सांगितलं नाही. आवाज आला नाही, उजेड पडला नाही. उलट ह्यांचं काही बरंवाईट झालं असेल ही भीती तशीच होती. पण घरात मी एकटी नाही, एवढं मला कळलं. जड पाटी उचलताना दुसऱ्या बाजूनं कुणी हात लावला की कशी हलकी होते, तशी छाती हलकी झाली. माझ्या आयुष्यातली ती पहिली प्रार्थना असावी असं मला अजून वाटतं.

दुपारी काकी दारात आली. उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "आलं नाय काय गो?"

"नाही, काकी."

"मी देवळात जाऊन आली. नारळ बोलली हाय त्यांच्यासाठी. तुला चालंल का नाय ते काय मी इचारलं नाय."

अशा नवसाबद्दल काय म्हणायचं ते मला लहानपणापासून शिकवलं होतं, पण ते शब्द माझ्या ओठांवर आले नाहीत.

"तुझ्या देवाला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"सकाळपासून सांगतेच आहे."

"मग झालं तर. उद्या पहाटं आमचं घरधनी जातील वर बघाया. संगं एकाला घेतील. तू जेव काय तरी."

तिनं केळीच्या पानावर भाकरी आणून ठेवली होती. मी ती खाल्ली. शनिवारनंतर अन्नाला चव लागली ती तेव्हाच.

मंगळवारी पहाटे ते दोघे निघाले. मी दिवसभर आत-बाहेर करत होते, आणि जाता-येता देवाशी बोलत होते. ऊन कललं तेव्हा काकीच तिच्या अंगणातून ओरडली, "माणसं येतात गो!"

मी रस्त्यावर धावले. दूरच्या वळणावर बरीच माणसं होती. दोघांच्या खांद्यावर आडवा बांबू आणि बांबूला घोंगडी. घोंगडीत काहीतरी जड लोंबत होतं. मेलेल्या माणसालाही डोंगरातून असंच आणतात. देवाशी एवढं बोलणारी मी, पण त्या वेळी एक शब्द सुचला नाही. फक्त कुणीतरी माझा हात घट्ट धरला होता.

सगळ्यांच्या पुढं काकीचे यजमान होते. त्यांनी लांबूनच हात वर केला.

"जिता हाय!" ते ओरडले. "जिता हाय गो, पोरी!"

मी धुळीत मटकन खाली बसले आणि हसत-रडत राहिले. हात धरणारी काकी माझ्याबरोबर खाली बसली होती. तिनं मला शिवलंय हे माझ्या ध्यानात आलं ते कितीतरी वेळानं. तिच्या आलं की नाही, कोण जाणे.

झालं होतं ते असं. शुक्रवारी एका धनगरवाड्यावर ह्यांना पाहून एक तरुण बाई तान्ह्या मुलीला घेऊन रानात पळाली. हे नेहमीप्रमाणे वाट बघून निघाले आणि उतारावर वाळल्या गवतावरून पाय घसरून खाली घळीत पडले. नडगीचं हाड मोडलं. रानातून परतताना त्याच बाईनं कण्हणं ऐकलं. तिनं वाड्यावरची माणसं आणली. त्यांनी बांबूच्या कांबींनी पाय बांधला, झोपडीत शेकोटीजवळ निजवलं, नाचणीची पेज पाजली. अंगात ताप भरला होता, म्हणून ताप उतरेपर्यंत हलवायचं नाही असं तिथल्या म्हाताऱ्यानं ठरवलं. निरोपही धाडला होता, पण सरकारी माणूस म्हणून निरोप्या थेट महाडच्या कचेरीत गेला. घरी बायको वाट बघत असेल हे बिचाऱ्याच्या लक्षात आलं नाही. ताप उतरल्यावर त्यांनी ह्यांना घोंगडीत घालून खाली आणायला घेतलं, आणि वाटेत त्यांना काकीचे यजमान भेटले.

धनगर मंडळींना मी भात-आमटी रांधून वाढली. काकीनं ताक आणलं. सगळी गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. हे भिंतीला टेकून पाय लांब करून बसले होते. दाढी वाढलेली, चेहरा ओढलेला.

"तुला एक सांगायचंय," हे म्हणाले. "घळीत पडलो तेव्हा मला प्रार्थना आठवेना."

"म्हणजे?"

"एकही वाक्य. इतकी वर्षं रोज म्हणतो, तरी प्रभूची प्रार्थनासुद्धा आठवेना. नुसतं बापा, बापा म्हणत राहिलो. लहान मूल आईला हाक मारतं तसं. तापातही तेच." मग म्हणाले, "पण माझं ऐकलं जातंय, हे तेव्हा जितकं पक्कं कळलं तितकं कधीच कळलं नव्हतं."

मग मीही माझं सांगितलं. पिठल्याचं, वहाणेचं, स्तुती मागाहून करीन म्हटल्याचं. मला वाटलं, आता क्रमाबद्दल काहीतरी बोलतील. हे हसायला लागले. हसताना पाय दुखला म्हणून कळवळले आणि पुन्हा हसले.

"आज तू कर प्रार्थना," हे म्हणाले. आमच्या घरात हे असताना मी उपासना चालवण्याची ती पहिलीच वेळ.

मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. "आले ते," मी म्हटलं. "आले. आता स्तुती." आणि जे आठवलं त्यासाठी उपकार मानत गेले. पेजेसाठी, घोंगडीसाठी, त्या बाईच्या कानांसाठी. बोलता बोलता पाहिलं तर ह्यांना झोप लागली होती. श्वास संथ चालला होता. मी आणखी थोडा वेळ बोलत बसले.

दुसऱ्या दिवशी काकी नारळाची वाटी घेऊन आली. देवापुढं फोडलेला प्रसाद हे कधी घेत नसत. कुणी दिला तर हात जोडून परत करत. आणि आता काकीला परत कसं पाठवायचं? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही काही बोलायच्या आत काकीच बोलली.

"बोललेला नारळ तिकडं देवळात फुटला, आमच्या घरात वाटला. ह्यो दुसरा हाय, बाजारातला. ह्याला देव दावलेला नाय. खावा, डाक्टर."

हे मग म्हणाले, "काकी, तुम्ही माझ्यासाठी देवाकडं गेलात."

"मग काय करायचं? घरात बसवत नव्हतं."

ह्यांनी वाटी घेतली, जेवणाआधी आम्ही मानतो तसे डोळे मिटून उपकार मानले. मी डोळे मिटले नाहीत. काकी उंबऱ्याबाहेर पदर सावरून, हात जोडून उभी होती आणि ह्यांचं संपेपर्यंत हलली नाही.

विहिरीवर पुढंही तसंच चाललं. काकी वरून ओतायची, मी खालून भरायची. मला त्याचं वाईट वाटायचं, आणि ते मी देवाला सांगायची. तसं सांगता येतं, हे आता मला माहीत होतं. ह्यांचा पाय हाडवैद्यानं बसवला, पण गुडघा पुरता वाकेना. त्यामुळे उपासनेला हे पाय लांब करूनच बसायचे आणि मी त्यांच्याजवळ भाजी निवडत बसायची.

पुढच्या थंडीत चर्चचे एक वयस्कर पाळक घाट उतरून आमच्याकडे आले. मोठा विद्वान माणूस. रात्री मुक्काम करणार होते. संध्याकाळी त्यांनी ह्यांनाच प्रार्थना चालवायला सांगितलं. ह्यांनी डोळे मिटले.

"बापा, पाहुणे सुखरूप पोहोचले, बरं वाटलं," हे म्हणाले. "त्यांचे पाय दुखत असतील, त्यांना झोप लागू दे. आम्हाला तुझ्याजवळ ठेव. आमेन."

पाळक डोळे मिटून, हात जोडून पुढच्या शब्दांची वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी एक डोळा किलकिला केला.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली," हे म्हणाले.

म्हातारबोवांनी पाय पसरले, पोटऱ्या चोळल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खरंच दुखताहेत, बाई. थोडं गरम पाणी मिळेल का?"

मी पाणी तापवायला उठले.