शून्य नंबरचं टोकन

अमरावतीत इंजिनीअर झालो आणि अकोल्याच्या एका छोट्या कारखान्यात चिकटलो, तेव्हा मला स्वतःच्या अकलेचा भारी गर्व होता. कापूस खरेदी केंद्रावर बैलगाड्यांना नंबर देणाऱ्या टोकन मशीनचा प्रोग्रॅम मी लिहिला. नंबर ठेवायला चिपमधली सगळ्यात लहान जागा घेतली. तिच्यात दोनशे पंचावन्नपर्यंतच आकडा मावतो, आणखी एक मिळवला की ती गुपचूप शून्यावर येते. हे मला ठाऊक होतं. पण मी पाहणीला गेलो ते वर्ष नापिकीचं. आवारात जेमतेम चाळीस गाड्या, त्यातली निम्मी माणसं झोपलेली. दोनशे पंचावन्नहून जास्त आल्या तर मिशी उतरवीन, असं मी मालकांना सांगून बसलो.

पुढच्या हंगामात खरेदी उशिरा सुरू झाली. घरोघरी कापूस तुंबलेला, त्यामुळे सगळे एकदमच आले. तिसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावरून फोन आला, "साहेब, मशीननं शून्य नंबर देल्ला."

मी दुसरी चिप खिशात घालून धावलो. आभाळ भरून आलं होतं, आणि ओला कापूस केंद्र घेत नसे.

शून्य नंबर एका म्हाताऱ्याला मिळाला होता. आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. म्हाताऱ्याने जाहीर केलं की शून्य म्हणजे लाभ, आणि लाभ सगळ्यांच्या आधी. लोकांनाही ते पटलं. त्याची गाडी मानाने काट्यावर गेली. मग त्याच्यामागचे नवे एक, दोन, तीनही हक्काने घुसले. मी पोचलो तेव्हा एकोणीस नंबर चालू होता.

एकशे दहापर्यंतच्या गाड्या आधी मापून झाल्या होत्या. एकशे अकरा नंबर एका बाईचा. तीन दिवस थांबून तिची बारी आली आणि नेमका लाभ आडवा आला. ती कापसावर गोधड्या पसरत होती. "मले काहून मांगं टाकून राहिले?" एवढंच तिने विचारलं.

मी ऐटीत चिप बदलली आणि आकडा पुन्हा दोनशे पंचावन्नवर आणून ठेवला. या चिपमध्ये आकडा शून्यावर जात नव्हता, दोनशे पंचावन्नलाच थांबत होता. थांबला, आणि पुढच्या प्रत्येकाला दोनशे पंचावन्नच मिळू लागला. अर्ध्या तासात त्या नंबरचे अकरा जण एकमेकांच्या कॉलरी धरून काट्यासमोर उभे, आणि काटा बंद. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

"मावशी, मशीनमध्ये एवढेच आकडे मावतात," मी बाईला समजावलं.

"मंग ते भरली तं तिनं सांगाव नाई का? आमी पायलीत जागा हाय का नाई ते आंदी पायतो, मंग वततो. वतल्यावर कोनी पायते का, बापू?"

चार वर्षं कॉलेजात घालवून मला हे सुचलं नव्हतं. मिळवायच्या आधी तपासायचं आणि मावत नसेल तर थांबून माणसाला हाक मारायची, एवढंच तर करायचं होतं. मला मनापासून लाज वाटली. मी मशीन बंद केलं, खडू घेतला आणि आल्या क्रमाने चाकांवर नंबर लिहीत सुटलो.

एकशे अकराची बारी आली आणि थेंब पडू लागले. तिचे बैल सोडलेले होते. मी आणि दोनशे पंचावन्न नंबरचे चौघे, आम्ही गाडी ढकलत टिनाच्या शेडखालच्या काट्यावर चढवली. तपासनिसाने कोपरापर्यंत हात कापसात घातला. तो बराच वेळ काढेना.

"कोरडा हाय," तो म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बाई मात्र माझ्या पायांकडे बघत होती.

"खाली उतर, बापू," ती म्हणाली. "तुहं वजन माह्या कापसात येऊन राहिलं."