पापण्यांवरचं इसब

“एक्झिमा,” बीडच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. मला शब्द कळला नाही. ते हैदराबादकडचे. माझं तोंड बघून त्यांनी सोपं केलं, “इसब, बाई. पलकों की चमडी का मर्ज है. नजर को कुछ नै हुआ.” नजर शाबूत आहे, एवढं समजलं. पदर तोंडाला लावून रडले, तर पापण्या आणखी चुरचुरल्या.

ज्यांना असा त्रास सुरू झालाय, त्यांच्यासाठी हे सांगते.

दिवाळीनंतर डाव्या पापणीला खाज सुटली. मी चोळत राहिले. मग कोंड्यासारखी साल निघायला लागली आणि उजवी पापणीही तशीच झाली. सासूबाईंनी तुरटीचं पाणी लावलं. दिवसभर गार वाटलं, दुसऱ्या दिवशी आग आग. मालकांनी गेवराईच्या बाजारातून सुरमा आणला. मग जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराकडून पिवळं मलम आणलं. सकाळी उठले तर तोंड सुजलेलं, डोळे उघडेनात. पाण्याने भिजवून पापण्या सोडवाव्या लागल्या.

आमच्या उमापुरात बायका कुजबुजल्या, “महारोग तर न्हाई?” सासूबाईंच्या माहेरी एका बाईला महारोगापायी गावाबाहेर ठेवलं होतं. ते त्यांनी लहानपणी पाहिलेलं. त्या भ्याल्या. माझी गोदी तेव्हा अंगावर पिणारी होती. त्यांनी तिला उचललं आणि शेळीच्या दुधावर ठेवलं. “पोरी, तुला वंगाळ वाटंल,” त्या म्हणाल्या, “पर लेकरू वाचाय पायजे.” मलाही तीच भीती होती. दुधाने छाती दाटून यायची, गोदी पलीकडच्या खोलीत रडायची आणि मी भिंतीला पाठ लावून बसायचे.

शेवटी मालकांनी बैलगाडी जुंपली. “लई झालं आता. बीडला दावू.” गाडीत मी पुढे, सासूबाई गोदीला घेऊन पार मागे.

दवाखान्याच्या ओसरीत खूप वेळ बसलो. नंबर लागल्यावर डॉक्टरांनी भिंग धरून पापण्या पाहिल्या आणि विचारलं, “काय काय लावलं?” मालकांनी कमरेच्या पिशवीतून एकेक काढून टेबलावर ठेवलं. पिवळं मलम हुंगून डॉक्टरांनी डबी लांब सारली. ते गंधकाचं, हातापायाच्या खरजेसाठीचं होतं. पापणीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यागत पातळ, तिला ते सोसत नाही, असं त्यांनी समजावलं.

मग सासूबाई दारातूनच म्हणाल्या, “डाक्टरसायेब, हे लेकराला लागतं का?”

“छूत का मर्ज नै, अम्मा. बच्ची को माँ के पास दो.”

सासूबाईंनी मालकांकडे पाहिलं. “लागत न्हाई म्हणत्यात, आई,” मालक म्हणाले, “गोदीला हिच्याजवळ दे.”

त्यांनी तिथेच लेक माझ्या मांडीवर ठेवली. सुजलेल्या तोंडाकडे बघून गोदी आधी बावरली. मी हाक मारल्यावर मात्र तिने माझी नथ धरून ओढली. किती दुखलं! पण तो हात मी सोडवला नाही.

औषध साधंच होतं. उकळून गार केलेल्या पाण्याने पापण्या पुसायच्या, मऊ फडक्याने टिपायच्या. झिंक ऑइंटमेंट, म्हणजे जस्ताचं पांढरं मलम, पापणीच्या वरून अगदी पातळ लावायचं, डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. काजळ-सुरमा बंद. नखं कापलेली. हे मलम बीडच्या दुकानात कुणालाही मिळायचं. दुकानातलं औषध वाईट नसतं. कुठल्या जागेला कुठलं, हे विचारायचं मात्र आम्हाला सुचलंच नव्हतं.

सूज आधी उतरली, साल निघणं नंतर थांबलं. थंडीत खाज परत यायची. पहिल्यांदा घाबरले, पुढे सवय झाली. हा आजार येतो, जातो. माणूस त्याने मरत नाही की आंधळा होत नाही. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरले नाही.

पुढे एकदा शेजारची सून पापण्या लाल करून आमच्या दाराशी आली. लेकरू तिने मागे उभ्या नणंदेकडे दिलं होतं, आत यायला कचरत होती. मी उठायच्या आत सासूबाईच पुढे झाल्या आणि तिचा हात धरून म्हणाल्या, “ये, बस. पयले लेकराला जवळ घे, मंग काय काय लावलं ते सांग.”