गोदामातली खियानत

आमचे हे दिसायला दांडगे आहेत. उंच, रुंद खांद्यांचे, दाट दाढीचे, आवाज एकदम खर्जातला. शारजात रोल्लाच्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये हे शिरले की आत उभी असलेली माणसं आपोआप भिंतीला सरकतात. लग्नानंतर सुरुवातीला मीही जरा बिचकूनच होते. मग एकदा घरात झुरळ निघालं. ह्यांनी ते कागदावर घेतलं आणि लिफ्टने खाली नेऊन सोडून आले. तेव्हापासून भीती गेली ती गेलीच.

हे दुबईत रास अल खोरला गाड्यांच्या जुन्या स्पेअर पार्ट्सच्या गोदामात सुपरवायझर आहेत. गोदामाचे मालक रत्नागिरीकडचे, ह्यांच्या शेजारच्या गावचे. त्यांना सगळे चाचा म्हणतात. हे कॉलेज अर्धवट सोडून गावात नुसते फिरत होते, तेव्हा चाचांनीच व्हिसा पाठवून ह्यांना बोलावून घेतलं. माझे सासरे गेले तेव्हा विमानतळापर्यंत गाडी चाचांनी स्वतः चालवली आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत, हे ह्यांनी मला कितीदा तरी सांगितलं आहे. गोदामाच्या सगळ्या किल्ल्या ह्यांच्या कमरेला असतात. चाचांकडे एकही नाही.

तर मागे एका थंडीत एका मलेशियन सिनेमाचं युनिट दुबईत आलं. त्यांना मारामारीच्या सीनसाठी खरंखुरं, तेलकट, लोखंडाने भरलेलं गोदाम हवं होतं. चाचांनी मागचा अर्धा भाग त्यांना वापरायला दिला. पहिल्याच दिवशी डायरेक्टर जागा बघत फिरत असताना ह्यांनी मागचं शटर एका हाताने वर केलं. डायरेक्टर बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. तो थांबला, ह्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आपल्या असिस्टंटला काहीतरी म्हणाला. असिस्टंट म्हणजे डोक्याला स्कार्फ बांधलेली, सतत हसतमुख अशी एक मलय मुलगी. तिने इंग्रजीत विचारलं की तुम्ही आमच्या सिनेमात बॉडीगार्ड म्हणून उभे राहाल का?

बोलायचं काही नव्हतं. काळा सूट घालून डॉनच्या मागे उभं राहायचं, बस्स. ह्यांच्या मापाचा सूट युनिटकडे नव्हता, म्हणून आम्ही बर दुबईला गेलो. अब्रात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत, बसून खाडी ओलांडली. मीना बाजारातल्या टेलरने माप घेता घेता विचारलं, शादी है क्या? ह्यांनी खाली मान घालून सांगितलं, नाही, सिनेमा आहे. टेलरने टेप गळ्यात अडकवली आणि आधी चहा मागवला.

सिनेमाची गोष्ट मला ह्यांच्याकडूनच तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. मलेशियातला एक म्हातारा डॉन शत्रूंपासून लपायला दुबईला येतो. त्याच्याभोवती त्याचे बॉडीगार्ड. भावासारखे वाढलेले, मरेपर्यंत साथ द्यायची शपथ घेतलेले. त्यांच्यातला कोण कधी फुटेल, हाच सगळा सिनेमा. डॉन ज्या गोदामात लपतो, त्या गोदामाच्या किल्ल्या सांभाळणारा एक बॉडीगार्ड असतो आणि तोच शेवटी मागचं शटर शत्रूंना उघडून देतो.

ह्या किल्लीवाल्या बॉडीगार्डचं काम करणारा नट मलेशियाहून आला होता. तालमीतच त्याचा पाय मुरगळला आणि घोट्याला ही एवढी सूज आली. डायरेक्टरने इकडेतिकडे बघितलं आणि ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

त्या संध्याकाळी हे घरी आले ते बूट न काढताच सोफ्यावर बसले. मला वाटलं, गोदामात काही अपघात झाला. मग हळूहळू सगळं सांगितलं. एकच वाक्य बोलायचं होतं: "माआफकान साया, बोस." म्हणजे, माफ करा, बॉस.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं.

"चाचा रोज शूटिंग बघायला बसतात," हे म्हणाले. "त्यांच्यासमोर, त्यांच्याच गोदामाचं शटर, मी दुश्मनाला उघडून देऊ?"

मला हसू आलं, पण ह्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. हा माणूस खरंच विचारात पडला होता. मी म्हटलं, चाचांनाच विचारा. दुसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की खोटं खोटं करायचं आहे ना, मग कर, आणि मी बघायला येणार म्हणजे येणारच.

मग आमच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. मी सोफ्यावर डॉन होऊन बसायची. हे बाल्कनीचं दार उघडायचे, वळायचे आणि ते वाक्य म्हणायचे. पण म्हणताना ह्यांची मान खाली जायची, हात पुढे एकात एक गुंफले जायचे. आमची मुलगी दहावीत आहे. ती डायनिंग टेबलावर अभ्यास करत होती. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "पप्पा, यू लुक लाइक यू फरगॉट युअर होमवर्क." तिने स्वतः उठून करून दाखवलं. हनुवटी वर, डोळे थंड, आवाज सपाट. आम्ही दोघं बघतच राहिलो. हे मला हळूच म्हणाले, ही कुठून शिकली?

शूटिंगच्या दिवशी मी क्लिनिकमधून सुट्टी काढली. मी रोल्लालाच दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला आहे. सुट्टीचं कारण विचारलं तेव्हा नवऱ्याचं महत्त्वाचं काम आहे, एवढंच सांगितलं. सकाळी उठून खापरोळ्या केल्या, गूळ घातलेलं नारळाचं दूध मोठ्या डब्यात भरलं आणि टॅक्सीने रास अल खोर गाठलं.

गोदाम ओळखू येत नव्हतं. खिडक्यांना काळं कापड, सगळीकडे वायरी, मधूनमधून पांढरा धूर सोडणारं एक मशीन. जिथे गिअरबॉक्सचे ढीग असायचे तिथे डॉनची खुर्ची मांडली होती. डॉन झालेला नट चाचांच्याच वयाचा, पांढऱ्या केसांचा. दोन सीनच्या मधल्या वेळात तो चाचांच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर येऊन बसायचा. दोघांनाही शुगर, दोघांनाही बिनसाखरेचा चहा. भाषा एकमेकांची येत नव्हती, तरी त्यांचं छान चाललं होतं. नट म्हणाला "कुरसी", चाचा खूश, अरे ही तर आपली कुर्सी. मग "दुनिया" निघाली, "सबर" निघाला. असिस्टंट मुलगीही तिथे येऊन बसली. खापरोळी दुधात बुडवून खाल्ली आणि तिने डोळे मिटले. म्हणाली, माझी आजी अगदी अशीच करते.

मी तिला विचारलं, सिनेमाचं नाव काय ठेवताय? अजून ठरलं नाही म्हणाली. पण दोन शब्द संवादांत सारखे येतात: एक "सतिया" आणि एक "खियानत". सतिया म्हणजे निष्ठा. मला तो आपल्या सत्यासारखा ऐकू आला. खियानत म्हणजे विश्वासघात, त्याचा अर्थ तिला सांगावा लागला नाही. अमानतीत, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या गोष्टीत, खियानत करू नये, हे आम्ही मदरशात पाठच केलं होतं. चाचांनीही तो शब्द ऐकला आणि ह्यांच्याकडे बघून मिशीत हसले.

जेवणानंतर तो सीन लागला. हे काळ्या सूटमध्ये, केस मागे बसवलेले, कमरेला आपलाच खरा किल्ल्यांचा जुडगा. डायरेक्टरने खूण केली. ह्यांनी कुलूप काढलं, शटर वर केलं, बाहेरचं ऊन झपकन आत आलं. हे वळले, वाक्य म्हणाले, आणि मान खाली. कट.

पुन्हा केलं. या वेळी मान वर राहिली पण आवाज कापला. पुन्हा. शब्दच उलटेसुलटे झाले. डायरेक्टर रागावला नाही, पण त्याने घड्याळ बघितलं. ऊन हलत होतं आणि त्यांना तेच ऊन हवं होतं. ह्यांच्या कपाळावरचा घाम पुसायला मेकअपवाला सारखा धावत होता.

मी बाजूला उभी राहून बघत होते, आणि मग माझ्या लक्षात आलं. हे वळल्यावर डॉनकडे बघतच नव्हते. ह्यांची नजर डॉनच्या खांद्यावरून मागे, कॅमेऱ्यापलीकडे जात होती. तिथे चाचा बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, कौतुकाने बघत.

आता हे चाचांना सांगायचं कसं? ते हौसेने आले होते. शिवाय मी त्यांना तिथून उठवणं बरं दिसलं नसतं. मी त्यांच्याजवळ गेले आणि काय बोलावं ते न सुचून नुसतीच उभी राहिले. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. काठी टेकून उठले.

"सूनबाई, इथे धूर फार झालाय," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मी बाहेर कडक चहा घेतो. हे झालं की मला बोलवा."

आणि ते पुढच्या दाराने निघून गेले. मागे वळून बघितलंही नाही.

मग एकाच टेकमध्ये जमलं. कुलूप निघालं, शटर चढलं, ऊन आत आलं. हे सावकाश वळले आणि डॉनच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "माआफकान साया, बोस." आवाज सपाट, चेहरा शांत. इतकी वर्षं संसार केला त्या माणसाचा हा चेहरा मी कधी बघितलाच नव्हता. मग डायरेक्टरने स्वतः टाळी वाजवली. म्हाताऱ्या नटाने उठून ह्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

ह्यांनी मात्र आधी विचारलं, चाचा कुठे आहेत?

चाचा बाहेर सावलीत कागदी कप घेऊन बसले होते. आम्हाला येताना बघून त्यांनी विचारलं, "झाली का रे खियानत?"

"झाली, चाचा."

"मग आता ते शटर खाली ओढ. धूळ जातेय मालावर."

घरी परतताना टॅक्सीत मी ह्यांना विचारलं की शेवटी चेहरा तसा कसा झाला. हे म्हणाले, तिकडच्याच एका दुसऱ्या व्यापाऱ्याने मागे मला विचारलं होतं. चाचांची गिऱ्हाइकं घेऊन माझ्याकडे ये, तुला पार्टनर करतो. मी लगेच नाही म्हटलं. पण तो दिवसभर डोक्यात तेच होतं, हो म्हटलं असतं तर काय झालं असतं. "आज चाचा उठून गेले ना," हे म्हणाले, "तेव्हा मी त्या हो म्हणणाऱ्या माणसासारखा उभा राहिलो." हे मला आजपर्यंत ठाऊक नव्हतं. ह्यांचा हात घेऊन मांडीवर ठेवला, बस्स.

सिनेमा आला तेव्हा दुबईच्या थिएटरांत काही लागला नाही. बऱ्याच महिन्यांनी घरच्या टीव्हीवर बघायला मिळाला. एका रविवारी दुपारी चाचांना जेवायला बोलावलं. बिर्याणी झाली, सोफ्याच्या मधोमध चाचा बसले. गावी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून मुलीने फोन टीव्हीसमोर उशीला टेकवून ठेवला. खालच्या इंग्रजी ओळी वाचून ती आम्हाला सांगत होती. निम्मं इंग्रजीत, निम्मं हिंदीत, आणि फोनसाठी मी ते कोकणीत करत होते. एवढ्या सगळ्या भाषांतून जाऊनही गोष्ट व्यवस्थित पोचत होती. दोन बॉडीगार्ड जुन्या शपथेची आठवण काढून रडले, तेव्हा फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला.

मग शटर आलं. पडद्यावर हे वळले. चाचा पुढे सरकून बसले. हा टेक त्यांनी कधी बघितलाच नव्हता. ते वाक्य झालं आणि चाचांनी हलकेच मान डोलवली, एखाद्याचं काम पसंत पडावं तशी. तेवढ्यात शत्रू आत शिरले, आणि पहिली गोळी त्यांनी शटर उघडून देणाऱ्यालाच घातली. हे धाडकन गिअरबॉक्सच्या ढिगावर कोसळले.

मी घाबरून फोनकडे बघितलं. वयस्कर बाई, मुलाला असं मरताना बघून काय वाटलं असेल?

सासूबाई म्हणाल्या, "बरा झाला मारल्यानी. असा शिकवला नव्हता मी त्याला."

चाचा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. हे तर सोफ्यावरून खाली सतरंजीवरच बसले आणि डोळे पुसत हसत राहिले. सासूबाईंना कळेना की यात हसण्यासारखं काय आहे. ह्यांनी फोन हातात घेतला आणि सांगितलं, अम्मी, ते खोटं होतं गं, मी इथे आहे. त्यांनी ह्यांना नीट निरखून बघितलं आणि जेवलास का म्हणून विचारलं.

पुढचा सिनेमा कुणी धड बघितला नाही. चाचांनी मुलीला सांगितलं, बेटा, ते आधीचं पुन्हा लाव. ती "शुअर चाचा" म्हणाली आणि मागे नेलं. मी उठून खीर गरम करायला ठेवली. स्वयंपाकघरात ह्यांचा तो सपाट आवाज ऐकू आला, मग हसणं, मग चाचा म्हणाले, अजून एकदा. भांडं खाली लागू नये म्हणून मी चमचा फिरवत उभी होते, आणि त्या दुपारी मला दुसरं काही नको होतं.