बाबांच्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकलं

मागच्या रविवारी सकाळी पवनीतल्या आमच्या घरी मी स्वतःच्या हातानं बाबांची तीन वर्षं पुसून टाकली. वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत… आणि शेवटी तो इन्स्टॉलर वर म्हणतो कसा, इन्स्टॉलेशन यशस्वी झालं!

आठवडा झाला, डोकं अजून शांत नाही. म्हणून इथं ओकून टाकतेय. 'बॅकअप घेतला नव्हता का?' असं कमेंटमध्ये कुणी विचारू नका. घेतला असता तर हे लिहीत बसले असते का?

झालं असं… माझे बाबा जन्मभर मासेमारी केलेला माणूस. आधी वैनगंगेत, मग मच्छीमार सोसायटीच्या तलावांवर. आई गेल्यापासून माझ्याकडेच राहतात. तीन वर्षांपूर्वी माझा जुना लॅपटॉप त्यांना दिला, तेव्हापासून एका बोटानं टाइप करत बसायचे. जिल्ह्यातले तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, कुठं कोणता मासा लागतो, कुठं कोणतं जाळं टाकायचं, कोणत्या तलावाचं नाव कसं पडलं… सगळं.

लॅपटॉप मात्र भयंकर स्लो. बाबा बटण दाबायचे, आत जाऊन चहा मांडायचे, चहा पिऊन यायचे, तरी ते विंडोज उघडतच असायचं. त्यांना काही त्रास नव्हता हो! त्रास मला होता. चौदा वर्षं कम्प्युटर क्लास घेणाऱ्या बाईच्या घरात असं खटारं? मग उतरले मी शहाणपण करायला. पेनड्राइव्हवर विंडोजहून हलकं असलेलं लिनक्स घेतलं, बाबा भाजी आणायला गेले होते, तेवढ्यात काम उरकू म्हटलं.

इतकं सोपं होतं सगळं की काय सांगू. माऊसनं क्लिक करत जायचं. भाषा निवडा, कीबोर्ड निवडा, नकाशावर आपला देश निवडा… आणि मग एक पान आलं. विंडोजच्या शेजारी टाकायचं, की डिस्क पूर्ण पुसून टाकायचं? खाली इशारा पण होता, स्वच्छ अक्षरांत. तुमचे सगळे डॉक्युमेंट्स, फोटो, सगळं जाईल म्हणून.

मी वाचला तो इशारा. वाचूनही दाबलं!

कारण बाबांच्या फाइली 'डी' ड्राइव्हमध्ये होत्या. आणि क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना काय सांगते? विंडोज 'सी'मध्ये, आपलं सामान 'डी'मध्ये, मग फॉरमॅट मारा नाहीतर काहीही करा, 'डी'ला धक्का लागत नाही. मलाही तसंच शिकवलं होतं. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. फळ्यावर चित्र काढून शिकवते मी ते! पण हात सवयीनं चालतो, डोकं नाही.

लॅपटॉप सुरू झाला भर्रकन. आणि आत 'डी' नाहीच. रिकामे फोल्डर नुसते.

बाबा आले. सांगितलं. मला वाटलं होतं 'जाऊ दे बाई' म्हणतील. अजिबात नाही. भाजीची पिशवी तशीच हातात, आणि असे कडाडले…

"कोनं सांगतलं होतं तुले? हळू चालत होता त मले चालत होता ना! तुह्यं का खाऊन राहिला होता?"

त्यांनी विचारलेला प्रश्नच बरोबर होता.

तीन दिवस रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. दहा वर्षांपूर्वीचे लग्नाचे फोटो परत आले, कुणाच्या तरी हळदीचे व्हिडिओ आले, बाबांचं एक पान आलं नाही. बाबा जेवायचे आणि उठून बाहेर जाऊन बसायचे. आणि मी स्वतःवरच इतकी चिडलेली की क्लासमध्ये पोरांवर विनाकारण खेकसत होते.

शुक्रवारी तुमसरहून मामाचा फोन आला. आईचा भाऊ.

"काहून कल्पना, तुह्या बाबाची तबेत बरी आहे ना? या हप्त्यात पान नाही आलं."

कसलं पान? तेव्हा कळलं… बाबांना फाइल पाठवता येत नाही. म्हणून दर हप्त्याला जेवढं टाइप झालं तेवढं व्हॉट्सॲपवर मोठ्यानं वाचून मामाला पाठवायचे. तिकडच्या तलावांची माहिती मामाला जास्त, चूक असली की तो सांगायचा. बाबांच्या फोनमधले मेसेज केव्हाच गेलेले, फोन भरला की ते सगळं साफ करतात.

"मामा, तुझ्याकडे आहेत का रे ते?"

"मले कुठं डिलीट करता येते? सारं पडून आहे."

फोन धरून ढसाढसा रडले मी. मामाला बिचाऱ्याला काही कळेना.

मामाच्या फोनवरून सगळे मेसेज मागवून घेतले, तेव्हापासून ऐकते आणि टाइप करते. काल एका मेसेजमध्ये, एका तलावाचं वाचून झाल्यावर बाबा मामाला म्हणतात, "कल्पनाले दाखवीन म्हणतो एक डाव. पण तिले टाइम कुठं राहते… तुले आयकवतो, तेवढंच."

तीन वर्षं! एकाच घरात, माझ्याच जुन्या लॅपटॉपवर लिहीत होता माझा बाप, आणि मी एक पान उघडून पाहिलं नव्हतं. मला दिसत होता फक्त लॅपटॉपचा स्पीड.

मामा, तुझे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. पण स्वतःचा राग काही जात नाही… मी ते सगळं पुसलं नसतं, तर मरेपर्यंत वाचलंही नसतं.